अंगातली जात आणि दप्तरातली जात

रस्त्यावरून उचलून घरी आणलेल्या मांजराची जात प्रथम निश्चित करून घ्यावी, म्हणजे त्याचा स्वभाव, त्याचा आहार आणि त्याला पुढे होऊ शकणाऱ्या व्याधी यांविषयी पालकाला आगाऊ ज्ञान होते, असे एक मत पुण्यामुंबईच्या प्राणिप्रेमी मंडळींत अलीकडे इतके दृढमूल झाले आहे की, त्याला आता जवळजवळ शिरस्त्याचे स्वरूप आले आहे. पावसात भिजलेल्या, डोळे चिकटलेल्या पिल्लाच्या अंगावरची ओल पुरती वाळलेलीही नसते, तोच त्याचे छायाचित्र चार जाणत्यांकडे रवाना होते, आणि कानांच्या टोकांवरचे चार केस पाहून कोणी ‘मेन कून’, शेपटीचा झुबका पाहून कोणी ‘पर्शियन क्रॉस’, तर राखाडी रंगावरून कोणी ‘रशियन ब्लू’ असा निवाडा देतो. हे मत तपशिलापुरतेच चुकलेले असते, तर त्याचा प्रतिवाद करण्याचे प्रयोजन नव्हते. पण त्याचा पायाच चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्याच्याविषयी निवाडा दिला जातो त्या मुक्या जिवाला मोजावी लागते. म्हणून त्याचा सविस्तर परामर्श घेणे मला अवश्य वाटते.

प्रतिपक्षावर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे म्हणणे प्रथम त्याच्याच बाजूने मांडतो. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा या सर्व पाळीव जनावरांत जाती आहेत आणि जातीवरून जनावराचे गुणदोष कळतात, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असता मांजरच तेवढे अपवाद का मानावे, असा त्याचा पहिला प्रश्न आहे. विशिष्ट जातींत विशिष्ट स्वभाव आणि विशिष्ट आनुवंशिक रोग आढळतात, हे शास्त्राने सिद्ध केले आहे, असा त्याचा दुसरा आधार आहे. आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत वजनदार, मुद्दा असा की, ‘साधे मांजर’ म्हटले म्हणजे ज्या पिल्लाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच पिल्लाला एखादे परदेशी नाव चिकटवले की घर मिळते. तेव्हा ते नाव खरे असो वा खोटे, ते उच्चारण्यात भूतदयाच आहे.

पहिल्या मुद्द्यात शेतकऱ्याची साक्ष काढली आहे, ती आधी तपासू. माणदेशाच्या आणि सोलापूर-सांगलीच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात खिल्लार बैल निपजला, कारण तेथील कुणब्याला थोड्या चाऱ्यावर टिकणारा, चपळ आणि लांबचा पल्ला मारणारा बैल हवा होता. अकोले-इगतपुरीच्या अतिवृष्टीच्या डोंगरपट्ट्यात डांगी टिकली, कारण मुसळधार पावसात आणि भातखाचरांच्या चिखलात तिच्यासारखे काम दुसऱ्या जनावराकडून होत नाही. आणि उस्मानाबादी शेळीला मान मिळाला तो जुळी करडे देण्याच्या तिच्या गुणामुळे. या प्रत्येक ठिकाणी वळू म्हणून कोणता राखायचा आणि कोणता बडवायचा याचा निर्णय माणसाने घेतला, पिढ्यान्‌पिढ्या घेतला, आणि नजरेसमोर एक निश्चित काम ठेवून घेतला. म्हणूनच खिल्लार हे नाव उच्चारताच त्या जनावराच्या अंगलटीविषयी, शिंगांविषयी, चालीविषयी, किंबहुना त्याच्या तापटपणाविषयीही काही विश्वसनीय बोलता येते. मुधोळच्या शिकारी कुत्र्याची हकीकतही याहून निराळी नाही.

आता मांजराचे पाहा. कणगीतला उंदीर मारण्याचे जे एकमेव काम माणसाला मांजराकडून हवे होते, ते काम मांजर आपल्याच पोटासाठी, कोणी न शिकवता करत होते. त्यात सुधारणा करण्याची गरज माणसाला भासली नाही, आणि भासली असती तरी रात्री कौलांवरून हिंडणाऱ्या बोक्यावर त्याचा अंमल चालला नसता. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनालगत मांजराचेही दफन सापडले आहे, आणि जगातील सारी पाळीव मांजरे पश्चिम आशियातील रानमांजराच्या एकाच उपप्रजातीपासून आली आहेत, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले आहे. म्हणजे माणसाचा आणि मांजराचा सहवास पुरातन आहे यात शंका नाही. परंतु त्या सहवासाच्या जवळजवळ संपूर्ण काळात मांजराने आपला जोडीदार आपणच निवडला आहे. जेथे निवड माणसाची नाही, तेथे खिल्लार या शब्दाला जो अर्थ आहे, तो अर्थ असलेली जात उत्पन्न होण्याला कारणच घडले नाही.

मग आज ज्यांची नावे घेतली जातात, त्या मांजरांच्या जाती आल्या कोठून? त्यांचा जन्म प्रदर्शनाच्या मांडवात झाला. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकाराने मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन भरवले, आणि घरोघरच्या उपेक्षित मांजराकडे लोकांनी आदराने पाहावे या सद्धेतूने त्याने परीक्षणाचे नियम स्वतः तयार केले. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला व वेअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९०६ मध्ये अमेरिकेत आणि १९१० मध्ये इंग्लंडात नोंदणी करणाऱ्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. आणि ज्याच्या आईबापांची व आजापणज्यांची नावे त्यांच्या दप्तरी दाखल आहेत, ते मांजर अमुक जातीचे, असा कायदा ठरून गेला. गावची पाटीलकी कोणाची हे जसे मिशांच्या आकड्यावरून ठरत नसे, सनद व दप्तर पाहूनच ठरे, तशीच मांजराची जातही वंशावळीच्या कागदावरून ठरते. कागद नसेल तर जात नाही, मग चेहरा कितीही मिळताजुळता असो. ही व्याख्या माझी नव्हे. ज्या संस्था जाती ठरवतात त्यांचीच ती आहे, आणि रस्त्यावरच्या मांजराची जात मुद्रेवरून सांगणारे लोक नकळत त्या संस्थांच्याही पुढे जातात. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या वेअरने हा सारा खटाटोप आरंभिला, त्यानेच पुढे अध्यक्षपद सोडले, आणि सभासदांना मांजरांच्या कल्याणापेक्षा पदकांची हाव अधिक आहे, ही आपली खंत त्याने लपवून ठेवली नाही.

या जातींची नावे ऐकून दूरदूरच्या प्रदेशांचा आणि प्राचीन परंपरांचा भास होतो, तोही बव्हंशी निराधार आहे. पीत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकात खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे वर्णन करून ठेवले, हे खरे. पण आज पर्शियन म्हणून जे मांजर मिरवते त्याचे आनुवंशिक नाते इराणच्या रस्त्यावरील मांजरांशी न जुळता पश्चिम युरोपातील मांजरांशी जुळते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात आढळले. ॲबिसिनियन मांजर ॲबिसिनियाच्या मोहिमेवरून परतलेल्या इंग्रज शिपायांनी आणले अशी दंतकथा आहे. परंतु हॉलंडमधील लायडनच्या संग्रहालयात त्याच वाणाचे एक पेंढा भरलेले मांजर त्या मोहिमेच्या तीसएक वर्षे आधीपासून ठेवलेले आहे, आणि त्यावरच्या चिठ्ठीत त्याचा देश म्हणून हिंदुस्थान लिहिलेला आहे. आपल्या मुंबईचे नाव धारण करणारे काळेभोर ‘बॉम्बे’ मांजर तर अमेरिकेतील केंटकी राज्यात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बर्मी आणि अमेरिकी मांजरांच्या संकरातून, हिंदुस्थानातल्या काळ्या बिबट्यासारखे दिसावे या हौसेने तयार करण्यात आले. गिरगावात जन्मलेल्या काळ्या पिल्लाला ‘बॉम्बे’ म्हणणारा माणूस त्या पिल्लाच्या गावाचे नाव बरोबर सांगत असेल, पण जात मात्र केंटकीची सांगत असतो.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे माझ्या प्रतिवादाचा गाभा स्पष्ट होतो. रस्त्यावरचे मांजर हे कोण्या जातिवंत पूर्वजाचा भ्रष्ट, संकरित वंशज आहे, आणि कुशल नजरेने पाहिले असता त्या पूर्वजाच्या खुणा त्याच्या अंगावर सापडतील, हे जे गृहीत आहे, त्यात वंशाची दिशाच उलटी केलेली आहे. जातिवंत मांजरे रस्त्यावरच्या मांजरांतून निघाली. जगभरच्या वाड्यांत, बंदरांत आणि गुदामांत जी असंख्य अनाम मांजरे होती व आहेत, त्यांच्यापैकी एखादीच्या अंगावर जे वैशिष्ट्य सहज प्रकटले, ते कोणा हौशी माणसाच्या नजरेस भरले, आणि त्याने ती वेगळी काढून, नात्यागोत्यातच पैदास करून, दीड-पावणेदोनशे वर्षांच्या आत तिला जात बनवले. म्हणून जातिवंत मांजराची खूण रस्त्यावरच्या मांजराच्या अंगावर दिसली, तर ते मांजर त्या जातीचे असल्याचा तो पुरावा होत नाही. ज्या समाईक भांडारातून ती खूण त्या जातीने उचलली, त्या भांडाराचाच हेही मांजर एक भाग आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

ज्या खुणा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात, त्यांची स्थिती यावरून कळेल. कपाळावरील इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी रेघ प्रत्येक पट्टेरी मांजराच्या कपाळी असते. तीन रंगांचा अंगरखा कोणत्याही जातीचा निदर्शक नाही. तांबूस रंगाचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असल्याने तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, आणि त्या जनुकाचा नेमका ठाव जपान व अमेरिकेतील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा रंग काही सांगत असेलच तर लिंग सांगतो. सयामीप्रमाणे तोंड, कान, पाय व शेपटी गडद आणि धड फिके असणे हे एका अशा जनुकाचे कार्य आहे की, जे अंगाच्या थंड भागांवरच रंग उमटू देते. गर्भाच्या उबेत वाढलेली अशी पिल्ले जन्मतः पांढरीच असतात, आणि हे जनुक सयामी मांजरांच्या मालकीचे नाही. पिल्लाचे निळे डोळे पाहून तर कोणीच हुरळून जाऊ नये, कारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बहुतेक पिल्लांचे डोळे आपला कायमचा रंग घेऊ लागतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत, गोणपाटाच्या तुकड्यावर, एका तिरंगी भाटीने चार पिल्ले घातली: एक काळे, एक पट्टेरी, एक आईसारखेच तिरंगी, आणि एक राखाडी, लांब केसांचे, मानेभोवती आयाळ असल्यासारखे. पिल्ले खायला लागल्यावर जी मंडळी त्यांना पाहायला आली, त्यांनी पट्टेरी पिल्लाला ‘बेंगाल’, राखाडी पिल्लाला ‘पर्शियन’ आणि काळ्याला ‘बॉम्बे’ ठरवले, तिरंगी मात्र ‘साधी’ म्हणून मागे राहिली. म्हणजे एकाच पोटच्या, एकाच गोणपाटावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून निजणाऱ्या भावंडांची चार कुळे झाली. वस्तुतः यात काहीही गूढ नाही. भाटीचा एकाच माजात एकाहून अधिक बोक्यांशी संग होतो आणि एकाच वेतातील पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात. शिवाय लांब केसांचे जनुक अप्रभावी असल्यामुळे, आखूड केसांच्या ज्या आईबापांच्या ठायी ते गुप्तपणे वसत असते, त्यांच्या पोटी सरासरी चारातले एक पिल्लू लांब केसांचे निपजते, आणि काळ्याचा राखाडी करणारे जनुकही याच रीतीने वागते. त्या राखाडी पिल्लाच्या वंशात कोणी पर्शियन होता असे मानण्यास त्याच्या केसांनी कोणताही आधार दिलेला नव्हता. त्याच्या वाट्याला ते नाव आले आणि घर आले. पण सहाव्या महिन्यात त्याचे नाक चपटे होईना, तोंड आईसारखेच निमुळते राहिले, तेव्हा ‘फसवणूक झाली’ असे म्हणून ते परत आणून सोडण्यात आले. त्या पिल्लाने कोणाला काही वचन दिले नव्हते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो की, आता आपल्या देशी मांजरांनाही ‘इंडीमाऊ’ या नावाने वर्ल्ड कॅट फेडरेशनची मान्यता मिळाली आहे, तेव्हा जातीच्या रकान्यात निदान तेवढे तरी लिहिता यावे. देशी मांजराचा गौरव झाला याचा आनंद मलाही आहे. परंतु ही मान्यताही दप्तराचीच आहे: एखादे मांजर परीक्षकापुढे नेऊन, मानकाशी ताडून, नोंद करून घेतल्यावर ते इंडीमाऊ होते, नाक्यावरचे प्रत्येक मांजर त्यामुळे आपोआप त्या जातीत दाखल होत नाही. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बाधक नसून पोषकच आहे.

स्वभावाच्या प्रश्नाकडे वळताना प्रतिपक्षाला जे देणे आहे ते मी मोकळेपणाने देतो. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये हजारो मांजरांच्या माहितीवरून असे दाखवले की, भित्रेपणा, चपळता, माणसाशी सलगी अशा गोष्टींत जातीजातींत फरक असतो आणि तो काही अंशी आनुवंशिक असतो. हे खरे मानले, तरी ते ज्या मांजरांची वंशावळ ठाऊक आहे त्यांना लागू होते. सयामीसारखा रंग असलेल्या पण सयामी वंशाशी संबंध नसलेल्या मांजराला सयामीचा बडबडा स्वभाव त्या रंगाबरोबर प्राप्त होत नाही. रस्त्यावरच्या मांजराविषयी त्याहून उपयुक्त ज्ञान उपलब्ध आहे, आणि त्याची विचारणा मात्र कोणी करत नाही. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान ज्या पिल्लांना माणसाचा हात लागतो, ती पुढे माणसाळतात, आणि तो काळ माणसावाचून गेला तर नंतर फार सायास पडतात. पुढील संशोधनात असेही आढळले की, बापाचा धीटपणा त्याने कधी न पाहिलेल्या पिल्लांतही उतरतो. तेव्हा नव्या पालकाने विचारायचे ते हे की, पिल्लू सापडले तेव्हा किती आठवड्यांचे होते, त्याला कोणी हाताळत होते काय, त्याची आई माणसाच्या हातून खात होती की पाऊल वाजताच मोटारीखाली पळत होती. या प्रश्नांची उत्तरे त्या गल्लीत रोज मांजरांना खाऊ घालणाऱ्या बाईला नेमकी ठाऊक असतात.

आहाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट आपल्या घरांपुरती अगत्याची आहे. आपण जातीप्रमाणे खाणे शोधत बसतो आणि घरात दूधभात व दूधपोळी चालू ठेवतो. वस्तुतः प्रत्येक मांजराला, त्याचे कूळ कोणतेही असो, टॉरीन नावाचे द्रव्य मांसमासळीतूनच मिळवावे लागते, आणि ते न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते व हृदयाचे स्नायू दुर्बळ होतात, हे १९८० च्या दशकातच निर्विवाद सिद्ध झालेले आहे. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही.

रोगांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग फार मोठ्या प्रमाणात आढळला, त्यास कारण होणारा जनुकीय बिघाड २००४ मध्ये सापडला. मेन कून मांजरांतील हृदयाच्या स्नायूचा विकार २००५ मध्ये एका निश्चित जनुकाशी जोडला गेला. आपल्या शहरांत विकत घेऊन नंतर रस्त्यावर सोडलेली पर्शियन मांजरे दिसू लागली आहेत हेही मी नाकारत नाही, आणि त्यांचा वंश अवतीभवतीच्या मांजरांत मिसळत असणार हेही उघड आहे. पण यावरून निघणारे कर्तव्य कोणते? संशय असेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी, किंवा त्या एका जनुकाची चाचणी करावी. ती चाचणी रोगाविषयी हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर देते, चेहऱ्यावरून सांगितलेली जात तसे उत्तर देत नाही. उलट हृदयाच्या स्नायूचा तोच विकार सामान्य, बिनजातीच्या मांजरांतही आढळतो, किंबहुना मांजरांतील हृदयविकारांत तोच सर्वाधिक आहे. म्हणून ‘हे साधे मांजर आहे, याला काही होत नाही’ असे समजून ज्याच्या छातीला वैद्याची नळीच लागत नाही, त्या मांजराचा घात या जातिविचारानेच होतो. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजराला ‘टर्किश अँगोरा’ म्हणून कौतुकाने मिरवण्यापेक्षा त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहावी, कारण अशा मांजरांत बहिरेपणाचे प्रमाण मोठे असते, आणि बहिऱ्या मांजराला रहदारीच्या रस्त्यावर मोकळे सोडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणे होय.

आता यावर असे म्हणतील की, चेहऱ्यावर विसंबू नका, पण डीएनए तपासणीवर तरी विश्वास ठेवाल की नाही? ठेवतो, पण ती काय सांगते तेवढ्यापुरता. ही तपासणी मांजराच्या जनुकांची तुलना काही ज्ञात जातींच्या नमुन्यांशी करून साम्य दाखवते. ज्याचे पूर्वज कधीच कोणत्या जातीत नव्हते, त्या मांजराचेही कोणत्या ना कोणत्या नमुन्याशी काही साम्य निघणारच, कारण ती जातच मुळी अशा मांजरांतून वेचलेली आहे. ते साम्य ‘इतके टक्के अमुक जात’ या भाषेत वाचणे म्हणजे साम्याला वंश समजणे होय.

ओळख पटवण्याची एक बाब मात्र अशी आहे की, तिच्याबाबत हयगय करणे हा अपराध ठरतो, आणि नेमकी तीच या जातिशोधाच्या गदारोळात मागे पडते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत ऊसतोडीच्या दिवसांत फडांत मांजरासारखी पिल्ले सापडतात. ती पुष्कळदा वाघाटीची किंवा बाऊल या रानमांजराची असतात. वाघाटी हे जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक आहे, पूर्ण वाढ झालेल्या वाघाटीचे वजनही दीड किलोच्या आसपास भरते, करड्या अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके असतात आणि कान लहान व गोलसर असतात. बाऊलाची पिल्ले पट्टेरी असतात आणि मोठेपणी त्याच्या कानांच्या टोकांवर केसांचे झुबके येतात. हौशी डोळ्याला ठिपके दिसले की ‘बेंगाल’ आठवते आणि कानावरचे झुबके दिसले की ‘मेन कून’ आठवते, मग ते पिल्लू पुण्याच्या एखाद्या सदनिकेत बाटलीने दूध पीत राहते. वाघाटी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला घरी ठेवणे गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट असे की, तिची आई रात्री त्याच फडाच्या बांधावर पिल्लू शोधत परत येत असते. वनविभागाने आणि प्राणिरक्षकांनी अशी कितीतरी पिल्ले सापडल्या जागी ठेवून आईच्या हवाली केली आहेत. अशा पिल्लाला उचलू नये, जागा लक्षात ठेवून वनविभागाला कळवावे.

राहिला भूतदयेचा मुद्दा. जे लोक स्वतःच्या खिशातून खर्च करून, कामधंदा सांभाळून, पिल्लांना घरे शोधून देतात, त्यांच्या हेतूविषयी मला आदरच आहे, आणि काळ्या मांजराला अपशकुनी मानणाऱ्या समाजात काळ्या पिल्लासाठी स्थळ शोधणे किती कठीण आहे हे मी पाहिले आहे. तरीही त्यांनी ‘बॉम्बे’ आणि ‘पर्शियन क्रॉस’ ही नावे जाहिरातीत लिहिणे सोडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या माणसाला नाव पाहून मांजर हवेसे वाटले, त्याला नाव खोटे ठरताच ते नकोसे होते, हे त्या राखाडी पिल्लाच्या बाबतीत घडले. दुसरे असे की, या नावांना मिळणारा प्रत्येक मान ज्या बाजाराला जाऊन मिळतो, त्या बाजारात मांजराचा चेहरा ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ अशा प्रतींनी विकला जातो, आणि नाक जितके आत दबलेले तितका भाव चढा असतो. त्या दबलेल्या नाकाने ते मांजर जन्मभर धापा टाकते, त्याचे डोळे सतत पाझरतात, जबड्यात दात मावत नाहीत, आणि मुंबईच्या दमट उन्हाळ्यात त्याच्या लांब केसांच्या जटा होऊन खाली कातडी सडते. ‘स्कॉटिश फोल्ड’चे दुमडलेले कान ज्या जनुकीय बिघाडामुळे दुमडतात, तोच बिघाड त्याच्या सांध्यांतील कूर्चा विकृत करतो, म्हणून इंग्लंडातील नोंदणीसंस्थेने १९७० च्या दशकातच त्या जातीची नोंद बंद केली. आपल्या रस्त्यावरच्या मांजराचे अंग कोणाच्या हौसेने घडलेले नाही, आणि त्याचे निमुळते नाक, उभे कान व आखूड केस आपल्या हवामानात त्याला उपकारकच आहेत. अशा मांजराला त्या रोगट कुळांचे नाव देऊन त्याचा मान वाढतो, ही समजूत मला असह्य वाटते. दत्तकविधानाची जी रीत आपल्याकडे होती, तीत दत्तकाला नव्या घराचे गोत्र लाभे. मांजराला मात्र आपण घरी आणून पुन्हा परक्या घराण्याचा दाखला मागतो.

म्हणून स्थळ शोधताना जे अंगावर खरोखर वाचता येते तेच लिहावे. दुधाचे सव्वीस दात पडून कायमचे तीस दात यायला साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून सुरुवात होते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास ते पूर्ण होतात, त्यावरून वय सांगता येते. कानाचे टोक सरळ कापलेले असेल तर नसबंदी झालेली आहे असे समजावे. पोटाचा घेर, हिरड्यांचा रंग आणि कानांतला मळ पाहून जंत, रक्तक्षय आणि खरूज यांविषयी वैद्याला नेमके विचारता येते. ‘काळा बोका, दातांवरून साधारण सहा महिन्यांचा, नसबंदी झालेली, पॅनल्यूकोपेनियाची व रेबीजची लस दिलेली, अनोळखी माणूस आला की आधी कपाटाखाली जातो, मासळीचा वास आला की बाहेर येतो, दुसऱ्या मांजराशी जमवून घेतो, कुत्र्याची सवय नाही’ असे लिहावे, आणि जातीच्या रकान्यात ‘देशी’ लिहून पुढच्या रकान्याकडे वळावे.